दादानं आणलेल्या पाणपाली

दादा फौजेतून पहिल्यांदा सुटीवर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर होल्डॉल होता आणि हातात दूधपावडरचा डबा. होल्डॉल त्यानं दारातच टाकला, डबा मात्र हातातून सोडला नाही. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली होती आणि वरून ओला रुमाल बांधलेला होता. मायनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि मग विचारलं, "यात काय आहे रे? तूप?"

"तुह्यासाठी नाई ते," म्हणत त्यानं डबा माझ्यापुढे धरला. "इच्यासाठी आहे. हळू उघड."

रुमाल सोडून मी झाकण काढलं. आत हिरवंगार ओलं शेवाळ होतं, बाकी काही नाही. मी बोटानं शेवाळ बाजूला केलं तेव्हा एक चपटं, रुंद डोकं वर आलं. तपकिरी अंग, पाठीच्या दोन्ही बाजूंना नारिंगी गाठींच्या ओळी, वल्ह्यासारखं चपटं शेपूट आणि माणसाच्या हाताची आठवण व्हावी अशी चिमुकली बोटं. त्याच्या मागून दुसरं आलं.

"पाल!" माय ओरडली आणि मागे सरली. "बाप्पा, एवढ्या दुरून पाली घेऊन आला!"

"पाल नाई माय, न्यूट होय. बेडकाच्या जातीतला. अर्धा वेळ पाण्यात राह्यते."

"म्हंजे पाणपाल," माय म्हणाली. तिनं ठेवलेलं हे नाव आमच्या घरात कायमचं झालं.

मी तेव्हा चंद्रपूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होते, दुसऱ्या वर्षाला. विषय प्राणिशास्त्र. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. आमच्या पुस्तकात न्यूटची एक आकृती होती आणि ती मी पहिल्या वर्षी जर्नलमध्ये काढत बसले होते तेव्हा दादा अजून भरती झाला नव्हता, घरीच होता. तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. मी सहज बोलून गेले होते की हा प्राणी आपल्या देशात फक्त तिकडे दार्जिलिंगच्या डोंगरात मिळतो, आपल्याला कुठला दिसतोय. मी ते विसरूनही गेले. पुढे दादाचं पोस्टिंग त्याच डोंगरात झालं, आणि कॅम्पच्या खाली एका डबक्यात त्याला ती आकृती पोहताना दिसली.

बाबा संध्याकाळी सायकलवरून आले. ते कोळसा खाणीत लॅम्परूममध्ये होते. खाली जाणाऱ्या माणसांच्या टोपीला लागणारे दिवे चार्ज करून द्यायचे, वर आल्यावर परत घ्यायचे, एखादा दिवा परत आला नाही की त्या माणसाची चौकशी करायची, हे त्यांचं काम. दादा उठून पाया पडला. बाबा "हं" म्हणाले आणि हातपाय धुवायला विहिरीकडे गेले.

वर्षभरापासून ते दादाशी बोलत नव्हते. भांडण नव्हतं, आवाज चढवणं नव्हतं, फक्त बोलणं बंद होतं. बाबांची पाठ कामातून गेली होती. खाणीत तेव्हा अशी सोय होती की माणूस तब्येतीमुळे कामावरून उतरला तर त्याच्या जागी मुलाला लागता यायचं. बाबांनी डॉक्टरची तपासणी, साहेबांची भेट असं सगळं जुळवत आणलं होतं आणि त्याच आठवड्यात दादा न सांगता कामठीला जाऊन भरती होऊन आला. बाबांनी तपासणी रद्द करवली आणि पाठीला पट्टा बांधून पुन्हा कामावर जाऊ लागले. तेव्हापासून दादासाठी त्यांच्याकडे शब्द नव्हते.

हातपाय धुऊन ते आत आले. पाणपाली तोवर मायच्या भाताच्या मोठ्या गंजात गेल्या होत्या. माय त्यावरून धुसफुसत होती, आता या गंजात पुन्हा भात शिजणार नाही म्हणून. बाबा गंजाजवळ उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले.

"काय होय हे?" त्यांनी मला विचारलं.

"न्यूट. दादानं आणले."

"खाते काय?"

मी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "गांडुळं. पाण्यातले किडे."

"त्याले विचार," बाबा मला म्हणाले, "पाण्यातच राह्यते का बाहेरही निंगते."

दादा हातभर अंतरावर बसला होता. मी मान वळवून त्याला विचारलं, "बाहेरही येते का?"

"येते," दादा म्हणाला. "पावसाळ्यात पाण्यात, हिवाळ्यात दगडाखाली, लाकडाखाली."

"बाहेर येते," मी बाबांना सांगितलं.

"ऐकलं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात आमच्या मॅडमना सांगितलं. त्यांना आधी खरंच वाटेना, मग त्या तास संपल्यावर माझ्याबरोबर रिक्षात बसून घरीच आल्या. गंजावर वाकून त्यांनी दोन्ही प्राणी नीट पाहिले आणि दादाला म्हणाल्या, "हे आणायला नको होतं तुम्ही. यांची संख्या कमी आहे, आणि हे थंडीतले जीव." दादाचा चेहरा उतरला. मग त्या म्हणाल्या, "पण आता आणलेच आहेत, तर निदान नीट ठेवा. यांची कातडी म्हणजे नाक आणि तोंड दोन्ही आहे असं समजा. पाण्यात जे जाईल ते सरळ अंगात जातं. साबण नको, तेल नको, नळाचं पाणी ताजं नको. आणि हात लावल्यावर हात धुवा, यांच्या अंगाला विष असतं थोडं."

विष म्हटल्यावर माय गंजाकडे बघून नुसती हसली. गंज आता गेलाच होता.

मॅडमनी मला वहीच्या मागच्या पानावर टाकीची आकृती काढून दिली. मासे ठेवतात तशी तोंडोतोंड भरलेली टाकी यांना चालत नाही. एका बाजूला वीतभर पाणी, दुसऱ्या बाजूला जमीन, मधे उतार. लपायला जागा. वर घट्ट जाळी, कारण हे काचेवरून चढतात.

तेव्हा चंद्रपुरात अशी टाकी विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. दादा आणि मी काचेसाठी फोटो मढवणाऱ्याकडे गेलो. मापं ऐकून तो म्हणाला, "एवढा मोठा फोटो कोणाचा हो? मंत्र्याचा काय?" काच कशासाठी ते कळल्यावर त्यानं कात्री लावल्यासारख्या सरळ रेषेत काचा कापून दिल्या, कडा दगडावर घासून दिल्या, आणि टाकी तयार झाली की बघायला बोलवा म्हणाला. लोखंडी पट्ट्यांची चौकट बाबांनी केली. म्हणजे त्यांनी कोणाला विचारलं नाही. एका संध्याकाळी ते सायकलच्या मागे चौकट बांधूनच आले. वेल्डिंगवाला त्यांच्या ओळखीचा होता. मापं त्यांनी माझ्या वहीतली पाहिली असणार.

"त्याले सांग," ते म्हणाले, "आधी रंग लावा लागते. गंजते नाईतर."

"रंगानं त्याइले त्रास होईल," दादा मला म्हणाला. "बाबाले सांग, बाहेरूनच लावू."

मी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि कोणालाच काही सांगितलं नाही. दोघांनी रंग बाहेरूनच लावला.

काच चौकटीत बसवायला लुकण लागतं. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल कुटून ते करायचं. जवसाचं तेल आमच्याकडे घरोघर असायचं, भुकटी रंगाच्या दुकानात मिळाली. दुकानदारानं त्यात शेंदूरही टाका म्हणजे दगडासारखं होईल असं सांगितलं. पण मॅडमनी शेंदराला सक्त मनाई केली होती, त्यात शिसं असतं. मग नुसतंच लुकण. दादा अंगणात पाट्यावर ते कुटत बसला. बाबा ओट्यावर बिडी ओढत बघत होते. थोड्या वेळानं ते उठले, दादाच्या शेजारी उकिडवे बसले, त्याच्या हातातून वरवंटा घेतला आणि स्वतः कुटायला लागले. दादा बाजूला सरकून तेल ओतत राहिला. एकजण थांबायचा आणि दुसरा ओतायचा. त्यासाठी बोलावं लागत नव्हतं.

टाकी भरली तेव्हा ती एका कोपऱ्यातून गळली. रिकामी केली, वाळवली, पुन्हा लुकण भरलं. मग दुसऱ्या कोपऱ्यातून गळली. माय म्हणाली, "ही टाकी होय का चाळणी?" तिसऱ्यांदा भरल्यावर टाकीनं पाणी धरलं. पण पाण्यावर तेलाचा तवंग आला. रोज पाणी काढायचं, नवीन भरायचं, असं करत करत एकदाचा तवंग येणं थांबलं. तोवर दादाची सुटी संपत आली होती.

इरई नदीवरून मी जाड वाळू आणली आणि ती इतक्यांदा धुतली की माझ्या बोटांना सुरकुत्या पडल्या. नदीतलेच चपटे दगड एकावर एक ठेवून दादानं एक गुहा केली. रामाळा तलावातून पाणवनस्पती आणल्या. त्यातून गोगलगाई निघाल्या, त्या राहू दिल्या. जमिनीच्या बाजूला जुन्या सागाच्या सालीचे तुकडे, माती, आणि दादानं डब्यातून आणलेलं ते शेवाळ. माठात मुरवलेलं विहिरीचं पाणी ओतलं. बाबांच्या लोखंडी पेटीवर, उत्तरेच्या खिडकीपाशी टाकी ठेवली, कारण तिथे ऊन येत नव्हतं.

पाणपाली आत सोडल्या तेव्हा आम्ही चौघंही भोवती उभे होतो. मोठी पाणपाल उतारावरून पाण्यात उतरली, तळाला जाऊन थांबली, मग चारही पाय अंगाला चिकटवून शेपटीनं पोहत पलीकडच्या काचेपर्यंत गेली. लहान सालीखाली शिरली ती दिसेनाशीच झाली.

"झालं," दादा म्हणाला. कोणाला म्हणाला कोण जाणे.

तो निघाला त्या दिवशी बाबा स्टेशनवर आले नाहीत, पण कामावरही गेले नाहीत. दादा पाया पडून उठल्यावर ते मला म्हणाले, "त्याले सांग, तिकडे थंडी राह्यते. कान बांधत जा म्हणा."

"हो," दादा म्हणाला.

तो हिवाळा पाणपालींना चांगला गेला. रोज सकाळी मी मागच्या मोरीजवळची ओली माती उकरून गांडुळं काढायची. ती धुऊन, खराट्याच्या काडीवर धरून पाण्यात हळूच हलवायची. मोठी पाणपाल आधी काहीच करायची नाही. मग डोकं थोडं वळवायची, मग झटक्यात गिळायची आणि गांडुळाचं टोक तोंडाच्या कडेला लोंबत असताना तशीच बसून राहायची. लहान लाजाळू होती. ती संध्याकाळीच बाहेर यायची. गल्लीतल्या बाया आधी नाकाला पदर लावून बघायला आल्या, मग पोरांना घेऊन आल्या. फोटो मढवणाराही येऊन गेला. त्यानं काचेवरून बोट फिरवलं आणि आपल्या कामावर खूश होऊन चहा पिऊन गेला.

बाबा कामावरून आले की पेटीसमोर पाट टाकून बसायचे. मी बघते आहे असं वाटलं तर पाठ शेकायला बसलोय असं दाखवायचे. शेगडी मात्र दुसऱ्या खोलीत असायची.

एकदा लहान पाणपाल नाहीशी झाली. जाळीचा एक कोपरा उचकटलेला होता. आम्ही घर पालथं घातलं. गाद्या झटकल्या, बाबांचे गमबूट उलटे केले, मोरीचं भोक तपासलं. दोन दिवस मिळाली नाही. मी रडत होते. तिसऱ्या सकाळी मायनं पाणी घ्यायला माठ तिरपा केला आणि हाक मारली. माठाखालच्या ओल्या वाळूत, माठाच्या बुडाला अंग चिकटवून ती बसली होती, अंगावर वाळूचे कण घेऊन.

"पाह्य," माय म्हणाली, "हिनं घरातली सगळ्यात थंडी जागा शोधून काढली." मग तिनं आयुष्यात पहिल्यांदा तिला ओंजळीत उचललं आणि टाकीत नेऊन सोडलं. नंतर हात तीनदा धुतले.

मायचं ते बोलणं मार्चमध्ये मला आठवायला लागलं. आमच्याकडचं ऊन कसं असतं ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. होळी झाली आणि टाकीच्या पाण्यात हात घातला की ते कोमट लागायला लागलं. पाणपाली खाईनाशा झाल्या. दोघीही पाण्याबाहेर, सालीखाली, अंग आक्रसून बसायच्या. मॅडमनी प्रयोगशाळेतला थर्मामीटर दिला. त्यातला पारा बघून मला टाकीकडे बघवेना. काच आणि लोखंड, दोन्ही तापणाऱ्या वस्तू. एवढ्या मेहनतीनं केलेलं ते घर आता त्यांना भाजत होतं.

मायनं उपाय काढला. कुंभाराकडून रुंद तोंडाची, पसरट मातीची नांद आणली. माठाशेजारी वाळूचा थर करून त्यात ती अर्धी पुरली. आत दगड, शेवाळ, थोडं पाणी. भोवती ओला बारदाना. दिवसातून कितीतरी वेळा बारदान्यावर पाणी शिंपडायचं. मातीच्या अंगातून पाणी झिरपून उडालं की आतलं गार राहतं, माठासारखंच. काचेच्या टाकीतून पाणपाली नांदेत गेल्या आणि दोन दिवसांत त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

एप्रिलच्या शेवटी मात्र ती तऱ्हाही पुरेनाशी झाली. दुपारी वारा असा यायचा की ओला बारदाना बघता बघता कडक व्हायचा. वीज जायची, पंखे थांबायचे. एका संध्याकाळी मी नांदेवरची जाळी काढली तर लहान पाणपाल पाण्याच्या काठाशी उताणी पडली होती. पोट नारिंगी, बोटं पसरलेली. बोटानं हलवलं तरी हलली नाही.

मी ती हातात घेऊन ओट्यावर बसले. बाबा आले, सायकल भिंतीला लावली, माझ्याकडे पाहिलं. घरातून खुरपं आणलं आणि मागच्या लिंबाच्या झाडाखाली, जिथे मोरीचं पाणी मुरायचं, तिथे खड्डा केला. तिला त्यात ठेवून माती लोटली. मग उठून सरळ विहिरीकडे गेले आणि वाकून आत बघत उभे राहिले.

विहीर आमच्या एकट्याची नव्हती. मागच्या अंगणात चार घरांची मिळून ती होती, शहराभोवतीच्या परकोटाच्या जुन्या दगडांनी बांधलेली, खोल. उन्हाळ्यात तिचं पाणी तळाला जायचं, पण आटायचं नाही. वाकलं की तोंडाला गारवा लागायचा.

सकाळी बाबांनी नांदेपेक्षा लहान, घट्ट झाकणाचं एक मडकं आणलं. झाकणाला आणि गळ्याला बारीक भोकं पाडली. आत शेवाळ आणि ओंजळभर पाणी घालून मोठ्या पाणपालीला ठेवलं, मडक्याला काथ्याचं शिंकं बांधलं आणि दोरीनं विहिरीत सोडलं, पाण्यापासून हातभर वर. दोरी त्यांनी रहाटाच्या खांबाला बांधली.

शेजारच्या बाई पाण्याला आल्या तेव्हा त्यांना दोरी दिसली. त्यांनी ती ओढून पाहिली, मडक्यात काय आहे हे त्यांना माझ्याकडून कळलं आणि त्या तडकल्या. "पेयाच्या पाण्यात पाल टांगून ठेवली! अंगात विष आहे म्हणता ना त्याच्या? आमची लेकरं हेच पाणी पेतात!" त्यांचं चूक नव्हतं. पाहता पाहता चारही घरांच्या बाया विहिरीवर जमल्या. मी दोरी सोडायला लागले.

बाबा घरातून बाहेर आले. ते गल्लीत कोणाशी फारसं बोलत नसत, त्यामुळे सगळ्या त्यांच्याकडे वळल्या.

"बाई," ते शेजारच्या बाईंना म्हणाले, "तुमचं खरं आहे. पाण्यात थेंब जाणार नाई असं करतो. मडक्याखाली परात टांगतो. झाकण तारेनं बांधतो. माह्या घरचेही हेच पाणी पेतात." पट्ट्यावरून कमरेला हात लावून उभे होते. मग म्हणाले, "माह्या पोरानं आणलेली वस्तू आहे, बाई. तो तिकडे लांब आहे. एक मेली. एवढी एक राहू द्या उन्हाळाभर."

मी दोरी हातात धरून तशीच उभी राहिले. दीड वर्षात त्यांच्या तोंडून "माह्या पोरानं" हे शब्द मी ऐकले नव्हते. मायनं पदरानं तोंड पुसलं.

शेजारच्या बाई म्हणाल्या, "परात मोठी टांगा मग." आणि बादली विहिरीत सोडली.

परात टांगली, झाकण तारेनं बांधलं. मडकं वर काढायचं काम बाबांनी कोणाला करू दिलं नाही. रोज कामावरून आले की दोरी हळूहळू ओढायचे, पाठ दुखायची तरी. मी गांडूळ घालायचे, पाणी बदलायचे, ते मडकं पुन्हा खाली सोडायचे. बुद्धपौर्णिमेला मायनं खीर केली आणि शेजारच्या बाईंकडे मोठा गंज भरून पाठवली. गंज अर्थात नवा होता. त्यांनी खीर खाल्ली आणि येऊन विचारून गेल्या, "कशी आहे तुमची विहिरीतली?"

ती तगली. पाऊस लागून हवा गार झाल्यावर आम्ही तिला परत काचेच्या टाकीत आणलं. आता ती एकटीच होती. मी दादाला कळवलं होतं, त्याचं उत्तर आलं की यंदा सुटी कधी मिळेल ते ठरलेलं नाही, तुला जमेल तसं कर. मी बाबांना ते वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

पोळा झाला आणि एका संध्याकाळी ते टाकीसमोर बसून म्हणाले, "पुढचा उन्हाळा हिच्यानं निंगत नाई."

"मग काय करायचं?"

"जिथून आणली तिथी न्यावी लागते. मी जाऊन येतो."

मायला वाटलं ते नागपूरला कोणाला तरी द्यायला जाताहेत. दार्जिलिंग म्हटल्यावर ती खालीच बसली. बाबा तोवर नागपूरच्या पुढे कधी गेले नव्हते. "इतक्या दूर? पालीसाठी?" ती म्हणाली.

"पालीसाठी," बाबा म्हणाले.

त्यांनी रजा काढली, दादाला तार केली. तोच दूधपावडरचा डबा मायनं माळ्यावरून काढला. आत ताजं शेवाळ, बाहेरून ओलं फडकं, आणि गाडीत पाणी मारायला सुरई. मी स्टेशनवर पोचवायला गेले तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते, डबा मांडीवर. शेजारच्या माणसानं विचारलं, "तूप आहे का काका?" बाबा म्हणाले, "हो."

ते परत आले तेव्हा अंगात फौजी हिरवा स्वेटर होता, चंद्रपूरच्या त्या हवेत घामानं भिजलेला. पिशवीत चहाची पुडी होती आणि मायसाठी लोकरीची शाल, जी तिला आयुष्यभर लागली नाही. आम्ही दोघींनी त्यांना ओट्यावरच बसवलं.

"पोहोचली?" मी विचारलं.

"पोहोचली. गाडीत खायाले नाई मागितलं तिनं. मीच उपाशी होतो, तिकडचं जेवण जमत नाई." मग ते एकेक सांगत गेले. कलकत्त्याला गाडी बदलताना हमालानं डबा हातातून घेतला तेव्हा ते त्याच्यावर कसे ओरडले, डोंगराखालच्या स्टेशनावर दादा कसा गणवेशातच घ्यायला आला होता, ढग रस्त्यावरून कसे चालत होते. "तो मले त्या डबक्यावर घेऊन गेला. उतार होता. माही पाठ पाहून त्यानं हात धरला. पाण्यापाशी डबा उघडला. ती जरा वेळ काठावर बसली. मग गेली."

"तिथे आणखी होत्या?" मी विचारलं.

"होत्या ना. पुष्कळ होत्या."

मायला दुसरंच ऐकायचं होतं. "पोराशी काय बोलले?"

"काय बोलाचं? त्याच्या साहेबाले भेटलो. साहेब म्हणे तुमचा मुलगा चांगलं काम करते." त्यांनी स्वेटर काढायला सुरुवात केली. तो डोक्यात अडकला आणि आतून त्यांचा आवाज आला, "दोन दिवस त्याच्या खोलीवर राह्यलो. रात्री थंडी वाजते म्हणून त्यानं आपलं कांबळं मले दिलं. मी म्हटलं, अबे तू काय पांघरशील? तर म्हणे, मले सवय झाली."

बाबांनी पुढच्याच हिवाळ्यात पाठीमुळे काम सोडलं. त्यांच्या जागी कोणी लागलं नाही. दादा दिवाळीनंतर सुटीवर आला आणि बाप-लेक ओट्यावर बसून बोलायला लागले ते थांबेनात. खाणीत कोण नवा साहेब आला, डोंगरात दरड कशी कोसळते, कोणती गाडी कलकत्त्याला वेळेवर पोचते. दोघांनाही त्या गाडीचं नाव ठाऊक होतं आणि दोघांचं वेगळं होतं. आवाज चढले. माय आतून भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, जेवाले या आता. गाडी कोणतीही असो, भाकर थंडी होऊन राह्यली."